आंबेनळीच्या घाटांतून होडी

महाबळेश्वरच्या डोंगरावर पांच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांपैकी सावित्री पश्चिमेच्या कड्यावरून कोंकणांत उतरते, पोलादपूर व महाड या गांवांजवळून वाहात जाते आणि बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. कोयना त्याच डोंगरांतून निघून दक्षिणेकडे वळते. तिच्या धरणाच्या पाण्याचा फुगवटा तापोळ्यापर्यंत पसरलेला आहे. एकाच देवळांतील गोमुखांतून निघाल्या असें श्रद्धाळू लोक मानतात, अशा या दोन भगिनींच्या पाण्यावर एकच होडी चालवावी, अशी हौस एखाद्या गृहस्थास झाली, तर तीत वावगें कांहीं नाहीं. मात्र खाडींतली होडी जलाशयांत नेण्यास पाण्याची वाट नाहीं. ती चाकांवर चढवून, मोटारीच्या मागें बांधून, घाटांतून न्यावी लागते. आणि तो घाट म्हणजे आंबेनळी.

पोलादपुराहून महाबळेश्वर सुमारें ४० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरांत रस्ता कोंकणच्या तळापासून निघून सुमारें १,३५० मीटर उंचीचें पठार गांठतो. सह्याद्रींतील अरुंद, उभ्या घळीस नळी किंवा नाळ म्हणण्याची रीत आहे. घाटाच्या नांवांतहि ती नळी आहेच. प्रतापगडाच्या बाजूस पूर्वीं पार घाटाची वाट वापरांत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजी अमदानींत आंबेनळीचा गाडीरस्ता झाला आणि मुंबईच्या एका गव्हर्नराच्या नांवावरून त्यास फिट्झजेराल्ड घाट म्हणूं लागले. रस्ता पुढें सुधारत गेला, डांबरी झाला. परंतु डोंगराची ठेवण कांहीं बदलली नाहीं. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास दरी, आणि मध्यें वळणामागून वळण, असाच तो आजहि आहे.

समजा, मुंबईच्या अशा एका हौशी गृहस्थाची अठरा फुटी होडी बाणकोटच्या खाडीकांठीं आहे आणि उन्हाळ्याच्या सुटींत ती तापोळ्यास न्यावी असा त्याचा बेत आहे. दारांत मोटारहि तशीच आहे. आज 'एस्. यू. व्ही.' या तीन आद्याक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या उंच, रुंद, आलिशान मोटारींपैकी ती एक. तिचें इंजिन बलवान, आंत इतकी शांतता कीं बाहेरच्या जगाचा आवाज पोहोंचूं नये. विकणाऱ्यानें सांगितलेलें असतें कीं ही गाडी दोन-तीन टन सहज ओढील. तें खोटें असतें असें नाहीं. परंतु ओढणें हा या कामाचा सोपा भाग आहे. मागें बांधलेला भार घाटाच्या उतारावर आवरणें, वळणावर सांभाळणें आणि हवा तेथें थांबविणें हा अवघड भाग होय. आणि तेथें त्या मोटारीचा आलिशानपणाच गृहस्थास चकवितो. साध्या गाडीनें कण्हून, कुंथून, मागून दबून जी सूचना चालकास दिली असती, ती ही गाडी त्याच्यापर्यंत येऊंच देत नाहीं. म्हणून जें मोटार सांगत नाहीं, तें चालकानें मोजून आणि हात लावून जाणून घ्यावें, एवढेंच या विषयाचें सार आहे.

आरंभ वजनापासून करावा. होडीच्या माहितीपत्रकांत लिहिलेलें वजन बहुधा रिकाम्या होडीचें असतें. समजा, तें ७५० किलो आहे. त्यावर बाहेरून बसविण्याचें इंजिन १७० किलो, शंभर लिटर पेट्रोल सुमारें ७५ किलो, नांगर, दोर, जीवरक्षक जाकिटें, खाण्यापिण्याच्या पेट्या मिळून दीडशे किलो, आणि खुद्द ट्रेलरचे ३५० किलो. बेरीज १,५०० किलोंच्या घरांत जाते. होडीच्या तळाशीं नकळत राहिलेलें शंभर लिटर पाणी आणखी शंभर किलोंची भर घालतें, हें अनेकांच्या ध्यानींमनींहि नसतें. मालमोटारी तोलणारे वजनकाटे महामार्गावर असतात. तेथें ट्रेलर एकदां चढवून घेतला म्हणजे अंदाजाचें कारण उरत नाहीं. हा आंकडा मोटारीच्या पुस्तिकेंत ओढण्यासाठीं दिलेल्या मर्यादेच्या आंत असला पाहिजे. तेथें दोन आंकडे दिलेले असतात. स्वतःचा ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरचा. दुसरा आंकडा पहिल्याच्या मानानें फारच लहान असतो, आणि त्याचें कारण घाटांत आपोआप समजतें.

एकंदर वजनाइतकेंच महत्त्व त्याच्या वांटणीस आहे. ट्रेलरचें पुढचें टोक मोटारीच्या मागील गोळ्यावर टेकतें. त्या टोकावर ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा असावा. म्हणजे आपल्या उदाहरणांत दीडशे किलो. तो फार कमी असला, म्हणजे होडी मागच्या अंगास जड झाली, तर वेग वाढतांच ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके घेऊं लागतो, आणि प्रत्येक झोका आधींच्याहून मोठा होत जातो. तो फार अधिक असला तर मोटारीचा मागचा भाग दबून पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि वळवावयाचीं तीं पुढचींच. बाहेरचें इंजिन होडीच्या मागच्या टोकास लटकलेलें असल्यामुळें पेट्या व नांगर यांची जागा सरकवून हा तोल साधावा लागतो. शिवाय हे दीडशे किलो मोटारीच्या स्वतःच्या ओझ्यांत मोजावयाचे असतात. पांच माणसें, त्यांच्या बॅगा आणि हें टोक मिळून मोटारीची वाहण्याची मर्यादा कित्येकदां ओलांडली जाते. आणि ओढण्याच्या मर्यादेंत आहोंत म्हणून गृहस्थ निश्चिंत राहतो.

आलिशान मोटारीची पहिली फसगत येथेंच होते. जुन्या मोटारीचा मागचा भाग जड टोकानें खालीं बसला तर तें कोणाच्याहि दृष्टीस पडे. या नव्या गाड्यांपैकीं कित्येकांस हवेच्या पिशव्यांची उचल असते. मागें भार पडला कीं गाडी आपली आपण उंच होऊन सपाट उभी राहते. पाहणाऱ्यास सारें ठीक दिसतें, आणि टायरांवरचा भार मात्र तितकाच राहतो. त्याकरितां टोकाचें वजन तोलूनच पाहावें, आणि मोटारीच्या मागील टायरांत पूर्ण भारासाठीं सांगितलेली हवा थंड टायर असतांना भरावी. ट्रेलरचे टायर वर्षांतून चार-दोनदांच फिरतात. ते झिजून नव्हे तर उन्हानें व वयानें तडकून फुटतात. त्यांची नक्षी शाबूत आहे एवढ्यावर विश्वासूं नये. कडांना भेगा आहेत कां तें पाहावें.

जोडणीचें काम घाईनें करूं नये. गोळा आणि त्यावर बसणारी वाटी एकाच मापाचीं असलीं पाहिजेत. वाटी बसवून कडी लावल्यावर ट्रेलरचें टोक त्याच्या उभ्या जॅकनें थोडें वर उचलून पाहावें. मोटारीचा मागचा भाग त्याबरोबर वर आला तर जोड खरा. त्याखालून दोन साखळ्या एकमेकींस ओलांडून लावाव्यात, म्हणजे वाटी सुटलीच तर टोक जमिनींत न रुततां साखळ्यांच्या झोळींत अडकेल. साखळ्या वळणापुरत्या सैल असाव्यात, पण रस्त्यास घासूं नयेत. ट्रेलर तुटून निघाला तर त्याचा ब्रेक आपोआप लागावा म्हणून जी बारीक तार असते, ती साखळीस किंवा गोळ्यास न गुंडाळतां मोटारीच्या पक्क्या भागास स्वतंत्र अडकवावी. होडीच्या नाकास हातरहाटाचा पट्टा असतो. तो होडीस पुढें ओढून धरतो, परंतु मागें उसळण्यास प्रतिबंध करीत नाहीं. म्हणून मागच्या दोन कोपऱ्यांवर वेगळे पट्टे आंवळले पाहिजेत. दहा किलोमीटर गेल्यावर उतरून ते पुन्हां आंवळावेत, कारण नवे पट्टे धक्क्यांनीं सैल होतात.

ट्रेलर हा कायद्याच्या दृष्टीनेंहि नुसता सांगाडा नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत त्याची वेगळी व्याख्या आहे. त्याची नोंदणी, विमा, मागचे दिवे व वळण दाखविणारे दिवे यांविषयीं परिवहन कार्यालयांत आधींच विचारून घ्यावें. वाहनाच्या रुंदीस नियमांनीं २.६ मीटरांची कमाल मर्यादा घातली आहे. होडीचा पसारा तिच्या आंत बसतो कीं नाहीं तें घरीं मोजणें बरें. आंबेनळीच्या वळणावर समोरून एस्. टी. आली असतां तें मोजण्यास सवड मिळत नाहीं.

आतां गृहस्थ पोलादपूर सोडून चढूं लागतो. शक्य तर त्यानें भल्या पहाटे, वाहतूक कमी असतांना निघावें. चढावर मोटारीचें कौतुक करण्याचा मोह होतो, कारण ती खरोखरच सहज चढते. तरी इंजिनाच्या उष्णतेचा कांटा वर जाऊं लागला कीं रुंद जागा पाहून थांबावें, आणि इंजिन कांहीं वेळ चालूं ठेवूनच थंड होऊं द्यावें. थांबण्याची ही संवय दुसऱ्या कारणासाठींहि आवश्यक आहे. प्रत्येक थांब्यावर खालीं उतरून ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ हाताची पाठ सावधपणें न्यावी. कोंबट लागला तर ठीक. हात जवळ ठेववत नाहीं इतका तो तापलेला असेल, तर आंतील गोळ्यांचें वंगण संपलें आहे किंवा ब्रेक घासतो आहे असें समजावें. मोटारीच्या कोणत्याहि पडद्यावर हें दिसत नाहीं. ट्रेलरचें चाक मोटारीच्या ज्ञानाबाहेर असतें.

वळणांचा नियम एका वाक्यांत सांगतां येतो. मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या वाटेनें जात नाहींत, तीं आंतल्या बाजूनें वळण कापतात, आणि ट्रेलरचीं चाकें त्याहूनहि आंतून. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या अंगानें चालावयाचें असतें. तेव्हां डाव्या वळणावर ट्रेलर गटारांत किंवा कठड्यावर चढतो. उजव्या वळणावर तो समोरच्याच्या वाटेंत शिरतो. उपाय असा कीं वळणांत थोडें खोल जाऊन मग चाक फिरवावें, आणि तें सावकाश. जेथें समोरची अर्धी वाट घेतल्याशिवाय वळतांच येणार नाहीं, तेथें सोबतच्या एका माणसानें खालीं उतरून पुढें उभें राहावें आणि वरची वाट मोकळी असल्याची खूण करावी. मालमोटारीचा क्लीनर हें काम रोज करतो. आलिशान मोटारींतील पाहुण्यास तें कमीपणाचें वाटूं नये. हातांत लांकडाची एक पाचर असेल तर आणखी उत्तम. चढावर गाडी थांबलीच तर ती चाकामागें घालतां येते.

महाबळेश्वर आलें म्हणजे घाट संपला असें वाटतें. पण पहिला खरा उतार पुढेंच आहे. महाबळेश्वर १,३५० मीटरांवर, आणि कोयना जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी सुमारें ६५९ मीटरांवर. तापोळ्याचा अरुंद रस्ता ही सुमारें ७०० मीटरांची उंची खालीं उतरतो. परतीच्या वेळीं आंबेनळींतून पोलादपुरास जातांना तर सव्वा हजार मीटर उतरावयाचे असतात. या उताराचा अर्थ काय, हें शाळेंतल्या पदार्थविज्ञानानें काढून पाहण्याजोगें आहे. मोटार माणसांसह २,५०० किलो आणि ट्रेलर १,५०० किलो, मिळून ४,००० किलो. हें वजन सव्वा हजार मीटर खालीं येतांना जी शक्ति मोकळी होते, ती सारी उष्णतेंत बदलली तर सुमारें दीडशे लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. घरांतल्या दहा-बारा बादल्या पाणी उकळावयाचें म्हटलें तर किती सरपण लागेल! ती एवढी उष्णता कोठें तरी गेलीच पाहिजे. पाय ब्रेकवर ठेवून उतरणारा चालक ती बव्हंशीं चाकांतल्या लोखंडाच्या चकत्यांत कोंडतो. त्या तापतात, घर्षणाची पकड कमी होते. पुढें ब्रेकचा द्रव उकळून नळींत बाष्प धरतें, आणि पाय दाबला असतां तो नुसता खालीं जातो. ब्रेकचा द्रव जुना असेल तर त्यानें हवेंतील दमटपणा शोषलेला असतो, आणि तो लवकर उकळतो. कोंकणच्या खाडीकांठीं राहिलेल्या गाडीच्या बाबतींत हें विशेष ध्यानांत घ्यावें.

म्हणून उष्णता इंजिनाकडे वळवावी. ज्या गिअरांत घाट चढला असता त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरांत तो उतरावा, हा जुन्या मोटारहांक्यांचा नियम आजहि खरा आहे. स्वयंचलित गिअरांची मोटार उतारावर आपली आपण वरचा गिअर निवडूं शकते. तिला हातानें खालच्या गिअरांत धरून ठेवावें. खालचा गिअर उतार सुरू होण्यापूर्वींच घालावा. त्यानंतरहि वेग वाढलाच तर ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून वेग चांगला उतरवावा आणि मग पाय पूर्ण उचलावा, म्हणजे मधल्या वेळांत चकत्यांस वारा लागतो. वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याचें काम चौपट होतें. ताशीं २० किलोमीटरांनीं जाणाऱ्यास ४० नें जाणाऱ्याच्या चौथा हिस्साच शक्ति आवरावी लागते. घाटांत मागें रांग लागली तर रुंद जागीं बाजूस होऊन तिला पुढें जाऊं द्यावें; रांगेच्या भोंग्यांनीं वेग वाढवूं नये.

येथें आलिशान मोटारीची दुसरी फसगत आहे. तिच्यांत उतारावर वेग आपोआप धरून ठेवणारें एक बटण असतें. तें दाबलें कीं पाय मोकळा राहतो आणि गाडी संथपणें उतरते, म्हणून अनेकांस वाटतें कीं घाट हेंच त्याचें क्षेत्र. परंतु तें साधन बहुधा ब्रेकच वापरतें. रानांतल्या अल्प, तीव्र उतारासाठीं तें योजिलेलें असतें. तासभर चालणाऱ्या घाटांत तेंच ब्रेक तापवितें, आणि पाय मोकळा असल्यामुळें चालकास त्याची वार्ताहि लागत नाहीं. ट्रेलरचे झोके आवरणारी यंत्रणाहि उपयुक्त खरी, पण तीहि चाकांचे ब्रेक लावूनच काम करते आणि चुकीच्या वजनवांटणीवर पांघरूण घालते. विजेवर चालणाऱ्या मोटारीची गोष्ट आणखी निराळी. ती उतारावर बॅटरी भरून घेत वेग आवरते. पण महाबळेश्वरीं रात्रभर बॅटरी पूर्ण भरून सकाळीं उतरावयास लागलें, तर तींत वीज सांठविण्यास जागा नसते आणि तें आवरणें जवळजवळ नाहींसें होतें. अशा मोटारीनें वर असतांना बॅटरी थोडी रिकामी राखावी.

ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असला पाहिजे तो याच कारणासाठीं. वीस मीटरांस एक मीटर अशा उतारावरहि १,५०० किलोंचा ट्रेलर मोटारीस ७५ किलोंच्या जोरानें सतत पुढें ढकलीत असतो. मोटारीचा ब्रेक दाबतांच तो जोर अनेक पटींनीं वाढतो. सरळ रस्त्यावर तो ढकला निभतो. वळणावर मोटार तिरपी असतांना तोच ढकला तिच्या पाठीस बाजूला लोटतो, आणि ट्रेलर व मोटार कात्रीसारखीं मिटतात. म्हणून ब्रेक वळणाच्या आधीं, सरळ रेषेंत असतांना लावावा.

डोंगरी रस्त्यावर जेथें दोन वाहनें सहज जाऊं शकत नाहींत, तेथें उतरणाऱ्यानें थांबून चढणाऱ्यास आधीं वाट द्यावी, असा नियम आहे. होडी घेऊन उतरणाऱ्या गृहस्थानें हें विसरूं नये कीं थांबावयाचें त्यालाच आहे. त्याला हवें तेव्हां थांबतां येत नसेल, तर तो घाटांत असण्यास पात्र नाहीं.

हा घाट चुकीची काय किंमत घेतो, हें कोंकणानें पाहिलें आहे. २०१८ च्या २८ जुलैस दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांस महाबळेश्वरला नेणारी बस याच आंबेनळींत खोल दरींत कोसळली. सुमारें तीस माणसें प्राणास मुकलीं. एक जण तेवढा वांचला. ते सहलीस निघालेले लोक होते. दापोलींतल्या घराघरांत त्या दिवशीं काय झालें असेल, याची कल्पनाच करावी. सहलीच्या आनंदांत निघालेल्या कोणाहि मोटारवाल्यानें तें वळण उतरतांना एवढें तरी मनांत बाळगावें.

पावसाळ्यांत हा बेत करूंच नये. जून ते सप्टेंबर या काळांत घाटांत धुकें इतकें दाट असतें कीं मोटारीचें नाक दिसत नाहीं, मग अठरा फूट मागचा ट्रेलर कसा दिसावा? दरडींचें भय तर नित्याचें. २०२१ च्या २२ जुलैस झालेल्या अतिवृष्टीनंतर आंबेनळीचा रस्ता जागोजाग खचला, दरडींनीं गाडला गेला आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. त्याच पावसानें महाड शहर पाण्याखालीं गेलें. तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें दगावलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखरसुतारवाडी येथेंहि बळी गेले. त्या वेळीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या तुकड्या होड्या घेऊन निघाल्या होत्या; पण पाण्यानें व दरडींनीं वाटा अडविल्या होत्या. त्याआधीं पांच वर्षांपूर्वीं, २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्रीं, महाडजवळचा सावित्रीवरील १९२८ सालचा पूल वाहून गेला आणि दोन एस्. टी. गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या, तेव्हांहि शोधाच्या होड्या रस्त्यानेंच आणाव्या लागल्या. या तालुक्यांत होडी ही केवळ हौसेची वस्तु नाहीं, आणि घाट हा केवळ सहलीचा रस्ता नाहीं. एखादा तुटका ट्रेलर वळणावर आडवा पडला तर त्याच्या मागें रुग्णवाहिका असूं शकते. परक्या रस्त्यावर आपली हौस नेणाऱ्यावर हें एक ऋण असतें.

तापोळ्यास पोहोंचल्यावर उतावीळपणें होडी पाण्यांत लोटूं नये. जलाशयांत खाजगी होडी सोडण्यास संबंधित अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधींच घेतलेली असावी. घाट उतरून आलेलीं ट्रेलरचीं चाकें तापलेलीं असतात. तीं तशींच थंड पाण्यांत घातलीं तर आंतील हवा आकसून पाणी गोळ्यांत ओढून घेते आणि वंगण नासतें; अर्धा तास विश्रांति द्यावी. तेवढ्या वेळांत होडीच्या तळाचें बूच लावावें. तें विसरून बुडालेल्या होड्या जगभर आहेत. दिव्यांची तार सोडवावी, मागचे पट्टे काढावेत, नाकाचा पट्टा मात्र पाण्याच्या कडेपर्यंत राहूं द्यावा. एप्रिल-मे महिन्यांत जलाशयाचें पाणी बरेंच खालीं गेलेलें असतें आणि उघड्या पडलेल्या कांठावर वरून वाळलेला, खालून ओला चिखल असतो. मोटार जड, ती शेवटच्या घट्ट जमिनीवरच उभी करावी, चाकांस पाचरी लावाव्यात आणि पुढचें अंतर दोरानें भरून काढावें. मागें जातांना ट्रेलर ज्या दिशेस जावा त्याच्या उलट मोटारीचें चाक फिरवावें लागतें. हा सराव घरच्या मोकळ्या मैदानांत करून यावा, लोकांच्या गर्दींत नव्हे. मोटार मागें येत असतां तिच्या व पाण्याच्या मध्यें मुलांनीं उभें राहूं नये. आंत बसलेल्यांनीं उतरून घ्यावें.

कोंकणच्या कोळीवाड्यांत होडी कांठावर ओढण्याचा दिवस पाहण्यासारखा असतो. लांकडी ओंडके खालीं घालून, दोरास पुष्कळ हात लावून, एका सुरांत ती वर घेतली जाते. पावसाळ्याच्या आरंभीं होड्या अशा कांठावर येतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्या पाण्यांत जात नाहींत. समुद्र कोळ्याच्या ओळखीचा असतो, बाहु बळकट असतात, होडीहि मजबूत असते. तरी तो दोन-अडीच महिने थांबतो. मोटारींतून होडी नेणाऱ्या गृहस्थानें त्याच्यापासून एवढें घ्यावें. बेताच्या दिवशीं धुकें उतरलेलें असेल, चाक तापलेलें असेल, किंवा वजनाचा आंकडा जमत नसेल, तर पोलादपुरास एक दिवस मुक्काम करावा. सावित्री तेथूनच वाहते. तिच्या कांठीं बसून चहा घ्यावा. तापोळ्याचें पाणी दुसऱ्या दिवशींहि तेथेंच असतें.